कापूस पूर्ण द्यावा

तीर्थरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगातलं एक अंग, म्हणजे गुडघे, गेले दोन महिने संपावर आहे. उरलेल्या सातांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) इकडे मी बरा आहे. बरा म्हणजे ताप नाही, खोकला नाही, साबणाचा वास येतो आणि चहा करपला तर कळतं. हल्ली तब्येतीची चौकशी एवढ्यावरच थांबते. त्यापुढचं कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर काय सांगावं हे सुचत नाही. तुमची कंबर कशी आहे? साडूंचा दमा? त्यांना म्हणावं खिडकीत बसतानाही मास्क लावत जा. त्यांनाही माझा नमस्कार सांगा, पण साधा, उभ्याउभ्या केलेला.

पत्राचं पाकीट बघून तुम्ही आधी देवाला हात जोडले असतील. घाबरू नका, कोणाला काही झालेलं नाही, म्हणजे नवीन कोणाला. फोन करता आला असता, पण ही गेल्यापासून पाच महिन्यांत आपण तीनदा फोनवर बोललो. तिन्ही वेळा मी ‘बाकी काय’ म्हटलं, तुम्ही ‘बाकी काही नाही’ म्हटलं, आणि दोघांनीही फोन आधी कोण ठेवतो याची शर्यत लावली. मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. हिच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही स्वतःचं घर साडूंच्या भरवशावर टाकून साडेतीन महिने इथे राहिलात, तिचं सगळं केलंत, आणि दर शनिवारी माझ्या हातात सामानाची यादी दिलीत. प्रश्न त्या याद्यांबद्दल आहे, त्यातही एकाच ओळीबद्दल, कापसाच्या. ही पडून होती, पाठीला जखमा झाल्या होत्या, कापूस त्यासाठी लागत होता, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कमाल आहे. पण हा प्रश्न फोनवर तोंडातून बाहेर पडत नाही, आणि पत्रातही पहिल्या पानावर येईल अशी लक्षणं नाहीत. तेव्हा आधी इथली हकिकत सांगतो. ती वाचताना तुम्ही मला जी नावं ठेवाल ती मला मान्य आहेत. त्यातली बरीचशी मी स्वतःच ठेवून मोकळा झालो आहे.

तर लॉकडाऊन लागला. पहिल्या आठवड्यात लोक दुकानावर असे तुटून पडले की दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि जाहीर केलं की यापुढे एका इमारतीची एकच यादी, आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी टेम्पो फाटकाशी येईल, कोणी दुकानात पाय ठेवायचा नाही. आमच्या इमारतीत बारा घरं. बारा घरांची एक यादी करायची म्हणजे कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. सेक्रेटरी माझ्या दारापासून दोन मीटर लांब उभे राहून म्हणाले, “काका, एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय तुम्ही. हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?” ताई, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी दाढी केली. ही गेल्यापासून कोणी मला काही आणायला सांगितलं नव्हतं. सकाळी उठून चप्पल घालायचो आणि मग लक्षात यायचं की कुठे जायचंच नाहीये. (लॉकडाऊन लागला तेव्हा सगळं जग माझ्यासारखं झालं, याचं मला मनातून थोडं बरंही वाटलं. हे साडूंना वाचून दाखवू नका.) जिन्याखाली टेबल टाकलं, समोर दोरी बांधली, नवी वही घेतली, आणि माझी एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी जुनी पेन्सिल टोक काढून सज्ज केली. दर गुरुवारी लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या दोरीला अडकवलेल्या डब्यात टाकायच्या, शुक्रवारी मी त्या एकत्र करायच्या, अशी पद्धत ठरली.

आता माझ्या नोकरीतल्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. कारखान्यात मागणीची चिठ्ठी माझ्या खिडकीत आली की मी ती लाल पेन्सिलीने निम्मी करायचो. हातमोज्यांचे बारा जोड मागितले तर सहा, ग्रीसचे चार डबे मागितले तर दोन, पुसायच्या चिंध्यांचं एक पोतं मागितलं तर अर्धं. कारण विचारायचं नाही, कारण ऐकायचं नाही. आणि गंमत अशी की एकतीस वर्षांत एकदाही काम अडलं नाही. त्यावरून मी असा सिद्धांत काढला की माणूस मागतो त्याच्या निम्म्यात त्याचं व्यवस्थित भागतं, बाकीची निम्मी हाव असते. हा सिद्धांत माझ्याकडून फुकटात ऐकला नाही असा माणूस आमच्या ओळखीत नसेल. निरोपाच्या दिवशी फोरमन भाषणात म्हणाला की साहेबांनी आम्हाला मागायला शिकवलं, आणि सगळा कारखाना पोट धरून हसला. मला वाटलं, प्रेमाने हसताहेत. मीसुद्धा हसलो.

चिठ्ठ्या हातात पडायला लागल्या आणि ताई, मला दुसरी कसली करमणूक उरली नाही. शेजाऱ्यांची दारं बंद, तोंडं बंद, पण चिठ्ठ्या उघड्या. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांनी माझी दाढ काढताना साखर हा मनुष्यजातीचा शत्रू कसा आहे यावर मला तोंडात चिमटा असताना प्रवचन दिलं (मला उत्तर देता येऊ नये अशीच वेळ त्यांनी निवडली होती), त्यांच्या चिठ्ठीत चॉकलेटच्या चार वड्या आणि गोळ्यांची बरणी. सेक्रेटरी, ज्यांनी फाटकावर ‘साठेबाजी करू नये’ असा कागद स्वतःच्या अक्षरात लावला, त्यांना दोन माणसांत टॉयलेट पेपरचे चोवीस रोल. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. नुसत्या उत्सुकतेपोटी गणित करून पाहिलं आणि मग त्यांच्याशी जिन्यात नजर मिळवणं अवघड होऊन बसलं. तिसऱ्या मजल्यावरचा व्यायामवाला, त्याची पहिली चिठ्ठी म्हणजे साठ अंडी आणि ओट्सचे डबे, दुसरी म्हणजे तीस अंडी आणि चिप्स, तिसरीत फक्त आइस्क्रीम. एका धडधाकट माणसाची घसरण इतक्या जवळून मी पूर्वी पाहिली नव्हती. त्याच्या शेजारी नवीन लग्न झालेलं जोडपं आहे. त्यांची पहिली चिठ्ठी एकाच अक्षरात, चार प्रकारची पिठं, यीस्ट, केकचं भांडं, आणि खाली हृदयाचं चित्र. तिसऱ्या आठवड्यात त्याच घरातून दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या आल्या, दोन अक्षरांत, दोन वेगळे साबण, दोन वेगळ्या टूथपेस्ट. मी वहीत त्यांना दोन रकाने करून दिले.

माझा हात मात्र पहिल्याच शुक्रवारी शिवशिवायला लागला होता. लाल टोक समोर, चोवीस हा आकडा समोर, आणि बाहेर सगळीकडे टंचाई. तुम्हीच सांगा, माणसाने स्वतःला आवरायचं तरी किती? मी चोवीसचे बारा केले. दंतवैद्यांच्या चारच्या दोन वड्या केल्या, त्यांच्याच दातांच्या भल्यासाठी. मग बसल्या बैठकीला बाराही चिठ्ठ्या निम्म्या करून टाकल्या. स्वतःलाही सोडलं नाही हे नमूद करून ठेवतो. माझी स्वतःची चिठ्ठी पहिल्यांदा ‘साबण १’ अशी होती. मी तो अर्धा केला, आणि दुकानदाराला अर्धा साबण देता येईना म्हणून आठवडाभर आंघोळीला कपड्यांचा साबण वापरला. त्याने अंगाला इतकी खाज सुटली की लोकांना वाटलं मला काहीतरी लागण झाली आहे, आणि माझ्या टेबलासमोरची दोरी त्यांनी आणखी दीड मीटर मागे सरकवली.

दुसऱ्या आठवड्यापासून एक चमत्कार झाला. चिठ्ठ्या फुगल्या. चॉकलेट आठ, टॉयलेट पेपर अठ्ठेचाळीस, जोडप्याचं यीस्ट तर एवढं की त्यात अख्खी इमारत फुगून वर आली असती. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, संकटात माणसाची खरी जात कळते ती अशी. एका बाजूला रोज आकडे येताहेत, कुठे किती गेले, आणि दुसऱ्या बाजूला ही माणसं दुप्पट खायला बसली आहेत. मी चिठ्ठ्या पुन्हा निम्म्या केल्या, आणि फाटकावर सेक्रेटरींच्या कागदाखाली स्वतःचा एक कागद लावला: ‘गरज आणि हाव यांतला फरक ओळखा.’ खाली सही आणि तारीख. आश्चर्य म्हणजे कोणी तक्रार केली नाही. शनिवारी येऊन मुकाट्याने पिशव्या उचलून नेत आणि जाताना म्हणत, बरोबर आहे तुमचं काका. मी मनात म्हटलं, चला, निदान म्हातारपणी तरी लोकांना आपला सिद्धांत पटला.

माझं सोडून अकरा घरांत एकच घर असं होतं की ज्याची चिठ्ठी फुगली नाही. चौथ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. पन्नाशीच्या आतल्या, अबोल, वडील त्यांच्याकडे असतात एवढं मला माहीत होतं. त्यांची चिठ्ठी ब्लाऊजचा नमुना कापून उरलेल्या तपकिरी कागदाच्या पट्टीवर असायची. पाव एक, अंडी सहा, दूध चार पिशव्या, बटाटे, टाल्कम पावडर दोन, कापूस सहा गुंडाळ्या. दर आठवड्याला अगदी तेच. ताई, तुम्हाला इथेच कळलं असेल. मला नाही कळलं. मी काय विचार केला तो जसाच्या तसा लिहितो, म्हणजे तुम्हाला माझी पूर्ण किंमत करता येईल. मी विचार केला की तोंडावर मास्क असताना पावडर कोणाला दाखवायची आहे. आणि कापसाबद्दल विचार केला की बाई घरबसल्या मास्क शिवून विकतात, आत कापूस भरत असणार, म्हणजे धंद्याचा माल इमारतीच्या यादीतून उपटताहेत. मी सहाचे तीन केले. पावडर दोनाची एक केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा सहा आले, पुन्हा तीन केले. तिसऱ्या आठवड्यात पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘विनंती, कापूस पूर्ण द्यावा.’ आता स्टोअरचा अनुभव असा की ज्याच्या चिठ्ठीवर विनंती असते त्याच्यावर आधी संशय घ्यायचा. मी तीन लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि वहीत शेरा मारला: ‘खासगी व्यवसाय. नजर ठेवणे.’ नजर ठेवायला मला खिडकी होतीच. त्यांच्या गॅलरीत रोज फडकी वाळत घातलेली दिसायची, रोज, ढीगभर. म्हटलं, पाण्याचीसुद्धा उधळपट्टी.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी बाई खाली आल्या. दोरीपलीकडे थांबल्या आणि म्हणाल्या, “काका, तुमच्याकडे एखादी जुनी चादर असेल का? फाटकी चालेल. फक्त सुती हवी.”

मी विचारलं, आणि खवचटपणाने विचारलं, की मास्क शिवायला का.

“नाही हो. बाबांच्या पाठीला. पडून पडून जखमा झाल्यात. घरातली सगळी फडकी धुऊन धुऊन विरली. कापूस पुरत नाहीये.” आणि मग माझीच समजूत घालत म्हणाल्या, “दुकानदार तरी काय करेल बिचारा. सगळीकडेच टंचाई आहे.”

त्यांना वाटत होतं दुकानात माल नाही. ती विनंती त्यांनी दुकानदाराला केली होती. ती चिठ्ठी दुकानदारापर्यंत कधी गेलीच नव्हती, माझ्या वहीत दोन रेघांवर बसली होती. मी ‘बघतो’ म्हटलं आणि घरात आलो. ताई, हिच्या कपाटाचा खालचा खण तुम्ही गेल्यापासून मी उघडला नव्हता. चादरी तिथे असतात एवढं मला माहीत. उघडला तर आत चादरी नव्हत्या. हातभर लांबीचे तुकडे होते, फाडलेले, धुतलेले, घडी घालून एकावर एक लावलेले. निळ्या काठाची चादर, पिवळी चादर, हिची ती मऊ पडलेली पांढरी. मला एकदम आठवलं की एका दुपारी मी बाहेरून आलो तेव्हा तुम्ही ती निळ्या काठाची फाडत होतात, आणि मी म्हणालो होतो, “चांगली चादर फाडताय की!” तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. ते बघणं मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं होतं. मलमपट्टीच्या वेळी मी कधी त्या खोलीत थांबलो नाही, गॅलरीत जाऊन उभा राहायचो. लोकांना सांगायचो, मला रक्त बघवत नाही. पिशवी दाराशी ठेवली की माझं काम संपलं असं मी धरून चाललो होतो. आत कशाला काय लावलं जात होतं हे मी पाच महिन्यांनी, खण उघडून बघितलं.

सगळे तुकडे घेऊन मी चार मजले चढलो. लिफ्ट बंद आहे आणि गुडघ्यांचं तुम्हाला सांगितलंच. तुकडे स्टुलावर ठेवले, बेल वाजवली, मागे सरकलो. दार उघडलं तसा आतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, “आला का गं कापूस?” बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वळून म्हणाल्या, “आला, बाबा.” मी जिन्याकडे वळलो.

उतरताना दंतवैद्यांचं दार वाजवलं, कारण कापूस असलाच तर त्यांच्याकडे असणार. दवाखाना बंद, पण कापसाची दोन खोकी त्यांनी घरी आणून ठेवली होती. हे मात्र कबूल केलं पाहिजे की माणूस एका शब्दाने कुरकुरला नाही. हातमोजे चढवले, खोकी उचलली आणि माझ्या पुढे जिना चढायला लागला. दाताच्या डॉक्टरला पाठीचं काय कळतं असं मी मनात म्हणालो खरा, पण त्या दिवसापासून ते रोज सकाळी वर जाऊन जखम बघतात, आणि माझ्यापेक्षा तरी त्यांना नक्कीच जास्त कळतं. जिन्यात मी त्यांना सहाच्या तीन गुंडाळ्या केल्याचं सांगितलं, तर ते सहज म्हणाले, “पण त्यांनी बारा का नाही लिहिले?”

मी विचारलं, बारा का लिहायचे.

“अहो, तुम्ही निम्मे करता म्हणून. आम्ही सगळेच दुप्पट लिहितो, दुसऱ्या आठवड्यापासून. ग्रुपवर ठरलं होतं ना.” मग ते थांबले. कुठला ग्रुप, हे मी विचारायच्या आत त्यांनी खोकी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि चपलांकडे बघत राहिले. ग्रुपमध्ये सगळी इमारत आहे. मी नाही, आणि त्या बाई नाहीत, कारण त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. ग्रुपचं नाव ‘निम्मं राज्य’ आहे असं नंतर कळलं. म्हणजे बघा, माझं सोडून अकरा घरांपैकी दहा घरांनी लबाडी केली आणि त्यांना हवं तेवढं सगळं मिळालं. एकाच घराने खरं लिहिलं आणि माझी पेन्सिल फक्त त्याच एका घराला लागली. आणि त्या जिन्यात उभ्याउभ्या मला तो फोरमन आठवला, आणि तो सगळा कारखाना कशाला हसत होता ते कळलं. हातमोजे त्यांना सहाच लागायचे, ताई. एकतीस वर्षं त्यांना सहाच लागायचे.

घरी येऊन मी फाईल काढली. तुम्ही दिलेल्या सगळ्या याद्या माझ्याकडे दोऱ्याने ओवून ठेवलेल्या आहेत (कागद टाकायची मला सवय नाही, ही त्यावरूनही कटकट करायची). तुमचं अक्षर, माझी लाल पेन्सिल. पहिल्या शनिवारी कापूस चार, लाल दोन. दुसऱ्या शनिवारी चार, लाल दोन. तिसऱ्या शनिवारी चार, लाल दोन. चौथ्या शनिवारी कापूस आठ, लाल चार, आणि तिथून शेवटपर्यंत दर शनिवारी आठ आणि चार. समासात माझा शेरा आहे: ‘ताईंचा हात सैल. नजर ठेवणे.’ मी ती फाईल गेले काही दिवस रोज उघडतो आणि त्या तिसऱ्या आणि चौथ्या कागदाच्या मध्ये बोट घालून बसतो.

इथलं उरलेलं सांगून टाकतो. मी बाईंना खरं काय ते सांगितलं. दोरीपलीकडून सांगितलं, पण सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. त्या म्हणाल्या, “मी पण एकदा विचारायला हवं होतं, काका.” त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला पुढचा शब्द तरी सुचला असता. म्हाताऱ्यांची एक जखम भरत आली आहे, दुसरी नाही, आणि ती भरेल की नाही हे दंतवैद्य सांगत नाहीत. विचारलं की हवामानाबद्दल बोलतात. टेबलाचं काम मी दंतवैद्यांकडेच सोपवलं. ते काहीच कापत नाहीत. त्यामुळे आता नवीनच पंचाईत झाली आहे, कारण लोक सवयीने दुप्पटच लिहिताहेत आणि सगळं पुरेपूर येतंय. सेक्रेटरींच्या घरात म्हणे बसायला जागा नाही. शिवाय बाईंची हकिकत ग्रुपवर गेल्यावर प्रत्येक घराने आपल्या चिठ्ठीत त्यांच्यासाठी कापूस लिहिला, आणि निम्मा होणार या जुन्या सवयीने बारा बारा लिहिला. गेल्या शनिवारी टेम्पोतून नुसता कापूस उतरत होता. चौथ्या मजल्याच्या जिन्यात तो छतापर्यंत रचून ठेवलाय. व्यायामवाल्याने तो वर चढवला. महिन्याभरात त्याचा तेवढाच व्यायाम झाला असेल. जोडप्याने एकत्र एक चिठ्ठी दिली, त्यात त्यांच्या स्वतःसाठी काहीच नव्हतं, फक्त कापूस.

एवढा कापूस सहा महिन्यांपूर्वी आमच्या घरी आला असता तर, असा विचार मी करत नाही. म्हणजे करतो.

जपून राहा. बाहेर पडू नका. सामान कोणीतरी आणून देतं आहे ना? देणारा माणूस कसा आहे, एकदा तपासून बघा.

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा,
(तुमच्या भाषेत) भांडारप्रमुख, सध्या पदमुक्त

ता. क. १ – या पत्राची कार्बन लावून एक प्रत काढली आहे. पोस्ट सुरळीत नाही असं म्हणतात, न मिळाल्यास कळवावे. (न मिळाल्यास कसं कळवाल हा प्रश्न आत्ता सुचला. राहू दे.)

ता. क. २ – पत्रात मी शहाणा झाल्यासारखं वाटत असेल तर तसं समजू नका. आज सकाळी लोण्याची वडी आली, पूर्ण, एक. मी ती सुरीने मधोमध कापली आणि एक भाग मागे सरकवून ठेवला. कोणासाठी, माहीत नाही.

ता. क. ३ – प्रश्न. चौथ्या शनिवारी चाराचे आठ करायचं कोणाला सुचलं? तुम्हाला, की हिने पडल्यापडल्या तुम्हाला सांगितलं की त्यांना दुप्पट लिहून दे, ते निम्मं आणतात? तुम्हाला सुचलं असेल तर याचा अर्थ ही तीन आठवडे अपुऱ्या कापसावर पडून राहिली आणि असं का होतंय हे तिला कळलं नाही. हिने सांगितलं असेल तर याचा अर्थ ती मला पहिल्यापासून ओळखून होती, चौतीस वर्षं मीठ-साखरेपासून सगळं माझ्याकडे दुप्पट मागून संसार केला, एकदाही मला तोंडावर पाडलं नाही, आणि पाठ सोलून निघाली तरी तीन आठवडे तुमच्यासमोर मला झाकत राहिली. यातलं कुठलं ऐकायला सोपं जाईल हे मी ठरवायचा प्रयत्न करतोय. तुम्ही सोपं शोधत बसू नका, जे असेल ते लिहा.

ता. क. ४ – माझा राग आला असेल तर तो जेवढा आहे तेवढाच लिहा, त्यातलं मी काही कापणार नाही. माफ केलं असेल तर मात्र ते दोनदा लिहा. एकदाच लिहिलंत तर माझ्या हातून त्यातलं निम्मं जाईल.